गोपाळकाला: वारीचा शेवटचा दिवस

गोपाळकाला हा पंढरीच्या वारीचा शेवटचा दिवस. आषाढी एकादशीनंतर चौथ्या दिवशी, आषाढ पौर्णिमेला, पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो आणि आलेल्या पालख्या परतीच्या वाटेला लागतात. कार्तिकी वारीची सांगताही कार्तिक पौर्णिमेला अशाच काल्याने होते. एकादशीचे वर्णन वर्तमानपत्रांतून दरवर्षी येते. पौर्णिमेकडे मात्र बाहेरच्या माणसाचे फारसे लक्ष जात नाही, कारण तोवर गर्दी ओसरलेली असते. दिंडीत गात आलेल्या माणसाला विचारले तर तो सांगेल की काला घेतल्याशिवाय वारी पुरी होत नाही.

बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातले मेहकर आणि त्याच्या आजूबाजूचा, बसवकल्याण-औरादपर्यंतचा मराठी बोलणारा मुलूख या वारीशी जुन्या नात्याने बांधलेला आहे. (विदर्भात, बुलडाणा जिल्ह्यातही एक मेहकर आहे, ते वेगळे.) इथल्या भजनी मंडळांतली तरुण पोरे टाळ-मृदंग घेऊन पंढरपूरला जातात, तेव्हा ती आज कर्नाटकातून महाराष्ट्रात, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गाण्यासाठी जात असतात. त्यांच्या पणजोबांच्या काळी तर हा प्रवास खरोखरीच परमुलखातला होता. १९४८ पर्यंत बिदर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर पंढरपूर १९४७ पर्यंत इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. गावात चालणारा रुपया हाली शिक्क्याचा, तर पंढरपुरात चालणारा कलदार. हद्दीवर संस्थानचा करोडगिरी नाका असे. मुलूख बदलला, नाणे बदलले, तरी अभंगाची चाल तीच राहिली.

दिंडीची रचना

दिंडी म्हणजे चालत गाणाऱ्या माणसांचा बांधीव समूह. सर्वांत पुढे भगव्या पताका घेतलेले पताकाधारी. त्यांच्यामागे समोरासमोर तोंड करून उभ्या दोन रांगांत टाळकरी. रांगांच्या मधोमध मृदंग, म्हणजे पखवाज, वाजवणारा. त्याच्याजवळ गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी. मागे डोक्यावर तुळशीवृंदावन आणि पाण्याची कळशी घेतलेल्या बाया. दिंडीत विणेकऱ्याचा मान मोठा. अभंग कोणता घ्यायचा आणि कधी थांबायचे हे तो ठरवतो. ज्याला चोपदार म्हणतात तो हातातल्या दंडाने, म्हणजे चोपाने, सगळ्या समूहाची शिस्त राखतो.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकर यांनी. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हे गृहस्थ शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. १८३२ च्या सुमारास त्यांनी दिंड्यांची क्रमवारी लावून सोहळा सुरू केला. बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी त्यासाठी घोडे, तंबू आणि सेवेकरी दिले. आजही माउलींचा, म्हणजे ज्ञानेश्वरांचा, आणि स्वाराचा असे दोन्ही अश्व अंकलीहून चालत आळंदीला येतात. महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या पायी सोहळ्याचे घोडे दरवर्षी कर्नाटकातून येतात, ही गोष्ट सीमाभागातल्या वारकऱ्याला अभिमानाने सांगावीशी वाटते.

या शिस्तीचा नमुना पाहायचा तर मुक्कामाच्या गावी संध्याकाळची समाज आरती पाहावी. पालखी मध्ये, भोवती गोलाकार दिंड्या, शेकडो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार चोप वर करतो आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. त्या आवाजाच्या दिशेने चोपदार जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो आणि मग तेही टाळ थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तिथेच पुकारून सांगतात. त्यानंतर आरती.

पोरे तयार कशी होतात

भजन शिकण्याची पहिली शाळा गावातलेच देऊळ. पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ आणि एकादशीची भजने यांत पोरगा आधी मागच्या रांगेत उभा राहतो. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे २७ अभंग पुस्तक न उघडता तोंडपाठ होतात, कारण ते रोज म्हटले जातात. मग हातात टाळ येतो. काशाच्या जड टाळांची जोडी दोरीने बांधलेली असते. ती नुसती आपटून चालत नाही. कधी मोकळी वाजवायची, कधी लगेच दाबून आवाज बंद करायचा, हे हाताला कळावे लागते. टाळ वाजवताना पाय पावली खेळत असतात: दोन पावले पुढे, एक मागे, वाकून पुन्हा ताठ. गळा, हात आणि पाय असे तिन्ही एका लयीत आले की पोरगा पुढच्या रांगेत जातो.

पखवाज शिकायला जास्त वर्षे लागतात. त्याच्या डाव्या पुडीला भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात, त्यामुळे आवाज खोल, घुमणारा येतो. वाजवणे संपले की ती कणीक काढून पुडी कोरडी करतात. गावातल्या मुली पूर्वी तुळशी घेऊन मागे चालत. आता त्यांच्यातल्या काही पखवाजही वाजवतात.

ज्यांना पुढे कीर्तनकार व्हायचे ते आळंदीला जातात. जोग महाराजांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. कीर्तन आणि ग्रंथांचा अभ्यास तोवर घराण्यांतून आणि फडांतून, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटांतून, चाले. संस्थेमुळे कोणत्याही जातीच्या, कोणत्याही गावच्या मुलाला ज्ञानेश्वरी, गाथा आणि कीर्तन रीतसर शिकता येऊ लागले. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि माधुकरी मागून जेवण, अशी तिथली जुनी रीत. शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत कीर्तने करतात, आणि त्यांचे ऐकून आणखी पोरे तयार होतात.

पाश्चात्त्य पद्धतीच्या गायनवृंदाशी दिंडीची तुलना केली तर फरक सहज ध्यानात येतो. तिथे आवाजांच्या उंच-खालच्या पट्टीप्रमाणे गट पाडतात, आणि प्रत्येक गट आपली वेगळी सुरावट गातो. सगळ्यांच्या मिळून स्वरसंगती तयार होते. दिंडीत सर्वजण एकच चाल गातात. इथे रंगत येते ती उचलीने. एका बाजूच्या रांगेने धृपद म्हणायचे, दुसऱ्या रांगेने ते उचलायचे, दर फेरीला लय थोडी चढवायची, चाल वरच्या सप्तकात न्यायची आणि मग एकदम खाली आणून थांबायचे. तिथे समोर उभा संचालक हाताने खूण करतो. इथे विणेकरी आणि पखवाजी नजरेने बोलतात.

एकादशी ते पौर्णिमा

आषाढ शुद्ध दशमीला पालख्या पंढरपुरात येतात. एकादशीला चंद्रभागेचे स्नान, नगरप्रदक्षिणा आणि दर्शन किंवा निदान कळसाला हात जोडणे. द्वादशीला उपवास सोडायचा. ज्यांना शेतीची घाई असते ते त्याच दिवशी गाडी धरतात. बिदरकडच्या शेतकऱ्याला आषाढात तूर, मूग, उडीद, सोयाबीन यांच्या कोळपणी-निंदणीची ओढ असते, त्यामुळे तिकडच्या पुष्कळ दिंड्या सुगीतून उसंत मिळाल्यावर कार्तिकीला निघतात. जे मागे राहतात त्यांचे तीन दिवस फडांवरच्या आणि मठांतल्या कीर्तन-भजनात जातात.

यात्रेच्या या दिवसांत विठ्ठलही झोपत नाही, अशी भावना आहे. देवाचा पलंग काढून ठेवतात, रात्रीची शेजारती होत नाही आणि दर्शन अहोरात्र चालू राहते. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते. मूर्तीला लिंबू-साखर चोळून, गरम पाण्याने स्नान घालून देवाचा शिणवटा काढतात, औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. लाखो माणसे पायी चालून थकली, तसा त्यांना भेटण्यासाठी उभा राहिलेला देवही थकला असेल, ही कल्पना ज्या समाजाला सुचली त्याचे देवाशी नाते घरच्या माणसासारखे आहे.

गोपाळपूर

पौर्णिमेच्या पहाटेपासून दिंड्या गोपाळपूरच्या रस्त्याला लागतात. पंढरपूरच्या दक्षिणेला दीड-दोन किलोमीटरवर एका उंचवट्यावर गोपाळकृष्णाचे देऊळ आहे. कृष्णाने इथे गाई चारल्या, अशी श्रद्धा. जनाबाईचे जातेही याच ठिकाणी दाखवतात. वाट छोटी असली तरी दिंड्या ती सावकाश चालतात, कारण सोहळ्यातले हे शेवटचे चालते भजन असते. तीन आठवडे गाऊन आवाज बसलेले असतात. तरी पोरे रेटून गातात, आणि ज्याचा आवाज उमटत नाही त्याची जागा शेजारचा भरून काढतो. समूहाने गाण्याचा हा मोठा आधार.

गोपाळपुरात एकेक पालखी येऊन विसावते. निरनिराळ्या फडांची काल्याची कीर्तने सुरू होतात.

काल्याचे कीर्तन

वारकरी कीर्तनाच्या विषयांना काळवेळेचे बंधन असते, आणि काल्याच्या कीर्तनाचे बंधन सर्वांत पक्के. त्यात विषय कृष्णाच्या बाळलीलांचाच घ्यायचा. गौळणी आणि काल्याचे अभंग हा संतांच्या गाथांतला स्वतंत्र विभाग आहे, त्यातला एक अभंग निरूपणाला घेतात. गोकुळात कृष्ण आणि त्याचे सवंगडी गाई राखायला रानात जात. प्रत्येकाची शिदोरी वेगळी. कोणाची दही-भाताची, कोणाची शिळ्या भाकरीची. दुपारी सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून कृष्ण सगळ्यांना वाटी आणि त्यांच्या उष्ट्या हातांनी स्वतः खाई. कीर्तनकार ही कथा रंगवतो. पेंद्या हा बोबडा, लंगडा सवंगडी आला की पोरांच्या रांगेत हशा पिकतो. मग निरूपण पुन्हा वळते आणि ज्याच्याकडे कमी होते त्यालाही पोटभर मिळाले, इथे येऊन थांबते.

कीर्तनाच्या शेवटी दहीहंडी फुटते. विणेकरी आणि कीर्तनकार यांच्या पायांना हात लावायला माणसे पुढे येतात. तोवर बाजूला परातींत काल्याची तयारी झालेली असते.

काला

काला हा शब्द कालवण्याशी जोडलेला आहे. जेवणात भाताशी कालवायचे ते कालवण, आणि सगळ्यांचे एकत्र कालवलेले तो काला. पदार्थ साधे: ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, लोणच्याची फोड, हिरवी मिरची, कोथिंबीर, असल्यास काकडी. प्रत्येक दिंडी आपापला वाटा परातीत ओतते. हात कोपरापर्यंत बुडवून तो कालवतात. लाही आधी दह्यावर तरंगते, मग भिजून खाली बसते आणि पोह्यांत मिसळते. थोड्या वेळाने कोणाच्या गाठोड्यातले काय आले होते हे सांगता येत नाही.

मग काला वाटतात. इथे पंगत नाही, पत्रावळ नाही. मुठीत घेऊन एकमेकांच्या तोंडात भरवायचा, आधी समोरच्याच्या पाया पडायचे आणि मग घास द्यायचा. वारकऱ्यांत पाया पडण्याला वय आड येत नाही. सत्तरीचे बुवा पंधरा वर्षांच्या टाळकऱ्याच्या पाया पडतात आणि तो त्यांच्या. ज्वारी हे पंढरपूर, लातूर, बिदर, कलबुर्गी या साऱ्या कोरडवाहू पट्ट्याचे रोजचे अन्न. म्हणून काल्यातली लाही मराठी घरातली आहे की कानडी घरातली हा प्रश्न उरत नाही.

या एकत्र खाण्याचे मोल समजून घ्यायचे तर जातीच्या इतिहासाकडे पाहावे लागते. सोवळ्या-ओवळ्याच्या काळात दुसऱ्या जातीच्या हातचे अन्न खाणे मोठा अपराध होता, तेव्हाही वारकऱ्यांनी उष्ट्या हाताचा काला पवित्र मानला. पण देवळाचा दरवाजा त्याच उदारपणे उघडला नाही. मंगळवेढ्यात कुसू बांधताना ते कोसळून गेलेल्या, महार जातीतल्या संत चोखोबांची समाधी विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, बाहेर आहे. दलितांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १ ते १० मे १९४७ असे दहा दिवस पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा ते देऊळ सर्वांना खुले झाले. रानातल्या काल्याने शिकवलेले गाभाऱ्यापर्यंत पोचायला शतके लागली, हे सत्यही काल्याच्या दिवशी आठवणीत ठेवायला हवे.

परतीची वाट

काल्याच्या दिवशीच संतांच्या पादुका विठ्ठलाच्या भेटीला मंदिरात नेतात. ही निरोपाची भेट. त्यानंतर पालख्या परतीला लागतात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे दहा दिवसांत आळंदीला पोचते. येताना ज्या रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती, तिथे आता मोजकीच माणसे असतात. ही परतवारी नेमाने करणाऱ्यांना वारकऱ्यांत वेगळा आदर मिळतो.

पंढरपुरात दुसऱ्या दिवशी महाद्वार काला होतो. हरिदास घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या उत्सवात पादुका मानकऱ्याच्या मस्तकावर बांधतात, त्याला खांद्यावर घेऊन मिरवतात आणि दहीहंडी फोडतात. यात्रेची सांगता इथे होते.

लांबच्या गावांच्या दिंड्या पौर्णिमेलाच आवराआवर करतात. टाळ पुसून फडक्यात गुंडाळतात. पखवाजाची कणीक काढून त्यावर गवसणी चढवतात. पताका काठीभोवती गुंडाळून बांधतात. वीणा मात्र जमिनीवर ठेवत नाहीत. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा आधी विणेला नमस्कार करतो, देणाऱ्याच्या पाया पडतो, मग पट्टा गळ्यात घालतो, आणि देणारा त्याच्या पाया पडतो. एवढे होईपर्यंत तार छेडणे थांबत नाही. बाजारातून बुक्का, कुंकू, तुळशीची माळ, चुरमुरे-बत्तासे यांची पुडी बांधून घेतात. जे घरी राहिले त्यांच्या वाट्याची ती वारी.

सीमेपलीकडे

बिदर आणि पंढरपूर यांना जोडणारी सर्वांत प्रसिद्ध कथा दामाजीपंतांची. दामाजी हे बहमनी राज्यात मंगळवेढ्याचे अधिकारी होते आणि बहमनींची राजधानी तेव्हा बिदरला होती. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे उपाशी लोकांसाठी उघडली, आणि त्याची किंमत विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात येऊन बिदरच्या दरबारात भरली, अशी आख्यायिका आहे. बिदरकडच्या कीर्तनात ती हमखास येते. विठोबा इथे स्वतः चालत आला होता, मग आपण त्याच्याकडे चालत जायचे त्यात नवल काय, असे तिथली माणसे म्हणतात.

विठ्ठलाचे कानडीशी नाते याहून जुने आहे. पंढरपूरच्या मंदिरात होयसळ राजा सोमेश्वराच्या काळचा १२३७ सालचा शिलालेख आहे, तो संस्कृत आणि कन्नडमध्ये आहे. संतांनी विठ्ठलाला कानडा म्हटले. कर्नाटकातल्या हरिदास संतकवींनीही त्यालाच आळवले. पुरंदरदासांच्या पदांतली मुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’ अशी आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात या दैवताच्या दक्षिणेकडील धनगर-गवळी मुळांचा शोध घेतला आहे. गाई राखणाऱ्यांचा काला या देवाच्या यात्रेचा शेवट व्हावा, हे त्या मुळांशी जुळणारे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे भाग मुंबई राज्यात गेले, ते आता महाराष्ट्राच्या लातूर जिल्ह्यात आहेत. भालकी, बिदर, हुमनाबाद, बसवकल्याण हे म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात राहिले. सोयरिकी, बाजार आणि भजनाच्या चाली दोन्हीकडे एकच असल्यामुळे सप्ताहाचे कीर्तनकार निलंग्याहून भालकीला येतात आणि भालकीचे पखवाजी उदगीरला जातात.

गावी परतल्यावर

पंढरीहून आलेल्या वारकऱ्याच्या पाया पडायला घरोघरची माणसे येतात, कारण त्याच्या पायाला चंद्रभागेच्या वाळवंटाची धूळ लागलेली असते. बुक्का लावून प्रसाद वाटतात. यथाशक्ती मावंदे घालतात, म्हणजे यात्रा सुखरूप झाल्याचे जेवण. मग टाळ देवळातल्या खुंटीवर जातात.

पण काला इथे संपत नाही. वर्षभरात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस रात्रंदिवस विणेचा पहारा चालतो. माणसे पाळीपाळीने वीणा घेऊन उभी राहतात. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचे कीर्तन आणि दुपारी गावजेवण. पंढरपूरला जाऊ न शकलेली म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया आणि टाळ हातात घेण्याएवढीही न झालेली लहान पोरे गोपाळपूरची पौर्णिमा इथे अनुभवतात. त्यातलीच काही पोरे पुढच्या वर्षी मागच्या रांगेत उभी राहतात.